गुऱ्हाळावर डिस्क गोल्फ जमेल का? रानात बास्केट बसवायचा विचार चाललाय

पेठेतला_पाहुणा

नमस्कार मंडळी, विषय जरा आगळा आहे त्यामुळं शिव्या घालायच्या आधी शेवटपर्यंत वाचा.

मधी कंपनीनं मला न्यूयॉर्क राज्यात पाठवलेलं. म्हणजे पिक्चरमधलं ते उंच बिल्डिंगांचं नव्हं, वर रॉचेस्टरकडं, तिथं शहर संपलं की सगळी रानंच रानं. त्या भागात फार्म ब्रुअरी म्हणून एक प्रकार लय आहे, शेतकरी आपल्याच रानात हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलं) नाहीतर बार्ली लावतोय आणि तिथंच शेडमध्ये बिअर करून विकतोय. २०१२ ला तिथल्या सरकारनं यासाठी वेगळा कायदाच केला, सुरवातीला निदान २० टक्के माल राज्यात पिकलेला पाहिजे अशी अट होती, २०१९ पासनं ती ६० टक्के झाली. आता हे सगळं गावापासनं लांब, त्यामुळं आलेलं गिऱ्हाईक एक ग्लास मारून लगेच गाडीत बसू नये म्हणून काहीतरी खेळ ठेवतात. आम्ही ज्या ठिकाणी शनिवारी जायचो तिथं डिस्क गोल्फ होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोल्फच पण काठी-चेंडू नाही, फ्रिस्बीसारखी छोटी जड डिस्क फेकायची आणि लांब खांबावर साखळ्या लावलेली जी बास्केट असते त्यात घालायची. जिथं पडली तिथनं पुढची फेक. कमी फेकीत जो घालेल तो जिंकला. संपला नियम.

त्या ब्रुअरीत काउंटरवर एक बादली भरून डिस्क ठेवलेल्या, लायसन्स ठेवायचं आणि दोन डिस्क उचलायच्या, पैसे नाहीत. नऊ होल, म्हणजे फेकायची जागा ते बास्केट असे नऊ टप्पे, त्यातलं एक बरोबर हॉप्सच्या कडेकडेनं, ते वेल पानमळ्यासारखे उंच तारांवर चढवलेले असतात, सहज १८ फूट, आणि डिस्क वेलात गेली की एक फेक दंड वर मालकाची बायको खिडकीतनं बघणार ते वेगळंच. कुत्री, लहान पोरं, म्हातारी माणसं सगळी खेळायची. कुणालाच धड येत नव्हतं आणि त्यातच मजा होती. डिस्क साखळीवर बसली की जो खळ्ळकन आवाज येतोय ना, त्यासाठी माणूस परत परत फेकतोय.

तर मुद्दा असा की माझ्या मावसभावाचं पन्हाळ्याच्या वाटेवर गुऱ्हाळ आहे. सीझनला शनिवार-रविवार कोल्हापुरातनं, पुण्यातनं गाड्या येतात, लोकांना ताजा गूळ पाहिजे, काकवी पाहिजे, काहिलीबरोबर फोटो पाहिजे. पण आधण उतरायला वेळ असला की बिचारी पोरं कंटाळतात, मोबाइल बघत बसतात नाहीतर घाण्याजवळ कडमडतात. शेडच्या मागं ८० गुंठे माळ नुसता पडून आहे. तिथं नऊ बास्केट बसतील का, किती अंतरावर ठेवायच्या, बास्केट हितं कोण करून देईल, डिस्क कुठल्या घ्यायच्या, आणि भाऊ म्हणतोय बिअरपण ठेवूया तर ते कितपत जमतंय, सगळंच विचारतोय कारण घरात कुणाला विचारलं तर "ताटल्या फेकायला अमेरिकेला गेल्तास काय" एवढंच उत्तर मिळालंय.

तालमीतला

काय दिवस आले, कुस्तीचं खासबाग मैदान ज्या गावात आहे तिथं लोक ताटली फेकणार. विटी-दांडू ठेवा की, फुकटात हुईल.

पेठेतला_पाहुणा

@तालमीतला भावा विटी कुणाच्या डोळ्यात गेली तर पुण्याचं गिऱ्हाईक केस टाकंल. बाकी तू ये एकदा, तुझ्या दंडात ताकद आहे पण डिस्क ताकदीनं जात न्हाई, मग बघू.

मिनेसोटातला_गडहिंग्लजकर

वाचून लय भारी वाटलं. मी हितं नियमित खेळतो त्यामुळं जरा लांब लिहितोय, जेवून वाचा.

पहिलं म्हणजे तुम्ही बरोबर गावात जाऊन आलासा. रॉचेस्टरच्या हायलँड पार्कमध्ये जिम पाल्मेरी आणि त्याची दोस्तमंडळी १९७० पासनं हा खेळ खेळत होती, आणि १९७४ ला त्यांनी जी स्पर्धा भरवली तिचं बक्षीस होतं नवी कोरी डॅटसन गाडी. आणि त्या वेळी साखळीची बास्केट नव्हतीच कुठं! झाड, खांब, काय असेल ते ठरवायचं आणि त्याला डिस्क लागली की होल झालं. कॅलिफोर्नियातला पहिला कायमचा कोर्स १९७५ चा, ओक ग्रोव्ह पार्कचा, तोपण सुरवातीला नुसत्या खांबांचा. तो कोर्स एड हेड्रिक नावाच्या माणसाचा, साखळीची बास्केटपण त्यानंच नंतर काढली कारण डिस्क खांबाला लागली की न्हाई यावरनं भांडणं व्हायची. हे सांगायचं कारण एवढंच की बास्केट तयार होईपर्यंत थांबू नका. चार बांबू रोवा, त्याला लाल फडकं बांधा, उद्यापासनं खेळ चालू.

आता ८० गुंठे. दोन एकरात नऊ होल नका घालू. नीट कोर्सला माणसं होलमागं एकर धरतात, तुमचा पोराटोरांचा कोर्स आहे म्हणून कमीत भागेल, पण दोन एकरात नऊ घातली तर एकाची डिस्क दुसऱ्याच्या डोस्क्यात हे नक्की. त्यापेक्षा चारच बास्केट बसवा आणि प्रत्येक बास्केटला दोन ठिकाणनं फेकायची जागा ठेवा, एक जवळची एक लांबची, म्हणजे आठ होल झाली की. जवळची १०० ते १२० फूट, लांबची १८० पर्यंत, त्याच्यावर जाऊ नका. टीव्हीवर लोक ४०० फूट फेकतात ते बघून लांब ठेवलंसा तर दुसऱ्या होललाच घरची माणसं बसतील सावलीला. नवीन माणसाची फेक शंभर फुटांच्या आसपासच पडते, त्याला दोन फेकीत बास्केटपाशी पोचता आलं पाहिजे आणि तिसरीत आत जायची आशा पाहिजे. सगळी होलं पार ३ ठेवा, म्हणजे तीन फेकीत होल अपेक्षित, हिशेबच नको.

फेकायची दिशा शेडकडं, रस्त्याकडं, पार्किंगकडं कधीच नको. हे एवढं सोडून बाकी सगळं चुकलं तरी चालतंय. उजव्या हातानं साधी फेक केली, म्हणजे फ्रिस्बीसारखी आतनं बाहेर, की डिस्क शेवटाला वेग कमी झाला की डावीकडं वळते. शंभरातली नव्वद माणसं तशीच फेकणार. म्हणजे प्रत्येक होलच्या डाव्या अंगाला मोकळं पाहिजे, माणसं बसायची जागा उजव्या अंगाला किंवा फेकणाऱ्याच्या पाठीमागं.

डिस्कचं सांगतो. दुकानात गेलासा की ड्रायव्हर गळ्यात मारतील, लांब जाते म्हणून. घेऊ नका. बहुतेक डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड, ग्लाइड म्हणजे किती तरंगते, टर्न म्हणजे सुरवातीला किती उजवीकडं वळते, फेड म्हणजे शेवटाला किती डावीकडं. स्पीड म्हणजे ती डिस्क नीट उडायला हाताला किती वेग पाहिजे. १२ स्पीडची डिस्क नवख्याच्या हातात दिली की ती लगेच डावीकडं कोलमडते, जमिनीवर सरपटत जाते, आणि तिची कडा पातळ असते, लागली तर रगत काढते. पटर घ्या, म्हणजे जवळनं टाकायच्या डिस्क, २-३ स्पीडचे, आणि थोड्या मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या, ४-५ च्या. पटरची कडा गोल जाड असते, पोराच्या पायाला लागली तर रडंल पण टाका पडणार न्हाई. अव्हिआर म्हणून पटर आहे, जुना आणि सगळीकडं मिळणारा, त्यावर २, ३, ०, १ असे आकडे असतात. मिडरेंजमध्ये बझ. सगळ्यात स्वस्त प्लास्टिकच्याच घ्या, हरवणारच आहेत. पोरांसाठी दीडशे ग्रॅमच्या आसपासच्या, मोठ्यांना १७० ते १७५.

अल्टिमेट खेळतात ती १७५ ग्रॅमची मोठी फ्रिस्बी कुणी आणली तर खेळू द्या, पण ती रुंद असते, पावणेअकरा इंच, वाऱ्यात भरकटते आणि साखळीत धड बसत न्हाई.

वारा. समोरनं वारा असला की डिस्क उजवीकडं उलटायला बघते आणि वर चढते, पाठीमागनं असला की लवकर खाली बसते. पन्हाळ्याच्या बाजूला दुपारनंतर वारं सुटतंय हे मी सांगायला नको, त्यामुळं लांबची होलं वाऱ्याला आडवी ठेवू नका, नाहीतर सगळ्या डिस्क शेजारच्याच्या रानात आणि शेजारी तुमच्या दारात.

आणि हो, तो हेड्रिक २००२ ला गेला, त्याच्या इच्छेप्रमाणं त्याची राख डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या. नाद असावा तर असा.

काकवी_ताई

पाहुणं, तुमचा भाऊ गुऱ्हाळवाला आहे म्हणून बोलतोय, आमचंबी गुऱ्हाळ आहे आणि मी लग्न होऊन आलो तेव्हापासनं सीझनला तिथंच असतोय. गडहिंग्लजकर दादांनी खेळाचं सांगितलं, मी गुऱ्हाळाचं सांगतो.

एक आधण उतरायला अडीच-तीन तास लागत्यात. रस काहिलीत पडला, मळी वर यायला लागली, भेंडीचं पाणी घातलं, मळी काढली, मग रटरटत बसलंय, इथंपर्यंत बघणाऱ्याला काय काम नसतंय. ह्याच टायमाला माणसं कंटाळत्यात. पण शेवटचा अर्धा तास, गुळव्या थेंब पाण्यात टाकून गोळी बघायला लागला की समदी काहिलीभोवती पाहिजेत, कारण बघायचं तेच आहे, काहील उचलून वाफ्यात ओतली की जो वास सुटतोय त्यासाठीच तर लोकं पुण्यातनं येत्यात. म्हणून तुमचा खेळ तासाभरात संपणारा पाहिजे. दादा म्हणत्यात तशी चार बास्केट आणि आठ होलं, चार माणसांचा घोळका तासात हुईल का ते बघा. आणि गुळव्याला सांगून ठेवा, गोळी बघायच्या आधी हाळी मारायची, सगळ्यांनी डिस्क टाकून यायचं, खेळ असंल तिथंच थांबला. परत जाऊन खेळू देत.

दुसरं, चिपाड. शेडच्या मागचा माळ "नुसता पडून आहे" असं तुम्ही लिहिलंय, मला हसू आलं. गुऱ्हाळाच्या मागचा माळ कधी पडून नसतोय, तिथं चिपाड वाळत घालत्यात! तेच चुलवाणात जातंय, ओलं चिपाड पेटत न्हाई आणि जाळ घालणारा जळव्या आईबहिणीवरनं सुरू करतोय. भावाला आधी इचारा निम्मा माळ चिपडाला जातोय का. आमच्यात जातोय. आणि वाळल्या चिपडावर पाय सटकतोय, त्यावर उभं राहून कुणी फेकायला गेलं तर तोंडावर पडंल, आग तर लांबच. तिथं विडी-सिगरेट आजिबात न्हाई हे पाटीवर मोठ्या अक्षरात.

तिसरं ऊस. डिस्क उभ्या उसात गेली की ती गेली. आत शिरू द्यायचं न्हाई कुणाला, पाचटाची कडा हात कापती, आणि थंडीत घोणस पाचटात पडलेली असतीया. दर सीझनला एखादी दिसतीच. पोरगं डिस्क आणायला म्हणून आत घुसलं तर काय करणार. बांधाला हिरवं शेडनेट बांधा पाच-सहा फूट, डिस्क अडंल. उसाच्या बाजूची होलं तोड झाल्यावरच चालू करा. तोड झालेल्या रानातबी बुडखं टोकदार असत्यात, चपला घालून आलेल्या बायकांना तिकडं पाठवू नका.

आणि काहील. कुठल्याबी होलची फेकायची जागा काहिलीपासनं निदान शंभर फूट. उकळता रस असतोय तो, त्यात डिस्क पडली तर रस उडंल. ह्यावर चेष्टा नको.

बाकी कल्पना मला पटली. हितं नाहीतरी माणसं रस पिऊन, गूळ घिऊन अर्ध्या तासात जात्यात आणि जाताना भाव करत्यात. दोन तास थांबली तर पिठलं-भाकरी खातील.

मिनेसोटातला_गडहिंग्लजकर

ताई एक नंबर. काहिलीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, हितल्या ब्रुअरीत सगळं स्टीलच्या बंद टाक्यांत असतं ना.

उसात गेलेल्या डिस्कचं सांगतो, नियमातच आहे की तीन मिनिटं शोधायचं, न्हाई सापडली तर हरवली धरायची आणि एक फेक दंड. तुमच्याकडं शोधायचंच न्हाई असा नियम करा, ऊस म्हणजे आउट ऑफ बाउंड्स, जिथनं आत गेली तिथं बांधाच्या अलीकडं उभं राहून पुढची फेक, एक दंड. डिस्क नंतर गडी काढंल, काठी घेऊन.

आणखी दोन नियम पाटीवर लिहा. जो बास्केटपासनं सगळ्यात लांब आहे तो आधी फेकणार, आणि बाकीचे त्याच्या मागं, पुढं न्हाई. आणि पुढच्या होलवरची माणसं लांब जाईपर्यंत फेकायचं न्हाई. हितं डिस्क कुणाच्या अंगावर चालली की "फोर" ओरडतात.

तालमीतला

आपल्यात "डोस्कं!" ओरडायचं. सगळी आपोआप खाली बसतील.

उद्यमनगर_वेल्डिंग

मी डिस्क गोल्फ जन्मात बघितलेला न्हाई पण बास्केटचे फोटो बघितले आणि एवढंच सांगतो की हे अमेरिकेतनं आणायची काय गरज न्हाई. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याबी शेडमध्ये होतंय. ज्या गावात इंजिनाचे ब्लॉक ओतत्यात तिथं चार जाळ्या होणार न्हाईत व्हय.

बघून मला जे कळलं ते असं, मधी दीड इंची जीआय पाइप, वर एक गोल रिंग ज्यातनं साखळ्या लोंबतात, खाली जाळीची टोपली. वरच्या साखळ्या खाली पाइपला एका छोट्या रिंगला येऊन मिळतात म्हणजे त्या नरसाळ्याच्या आकारात येतात. बरोबर का? खालच्या टोपलीची कड जमिनीपासनं किती उंच पाहिजे आणि टोपली केवढी ते सांगा.

वरच्या रिंगला माझ्या डोक्यात जुन्या सायकलची रिम आहे. २८ इंची जुनी काळी सायकल असायची ना, तिची रिम दोन फुटांच्या वर भरते आणि आऱ्यांची भोकं आयती पाडलेली असतात, त्यातच साखळ्या अडकवायच्या, ड्रिल मारायचं कामच न्हाई. भंगारवाल्याकडं किलोवर मिळतील. खाली टोपलीलापण तीच रिम वरच्या कडेला, आणि तिच्याखाली वेल्डमेश गोल वळवून.

जमिनीत पाइप डायरेक्ट काँक्रीट करू नका. आधी एक साइज मोठा पाइपचा तुकडा दीड फूट काँक्रीटमध्ये गाडा, बास्केटचा पाइप त्यात वरनं घाला, बाजूनं एक बोल्ट. सीझन संपला की काढून शेडमध्ये, भोकाला टोपण. न्हाईतर पावसाळ्यात दोन गोष्टी हुतील, एक तर गंज आणि दुसरं म्हणजे रात्रीत कोणतरी साखळ्या कापून नेणार.

मिनेसोटातला_गडहिंग्लजकर

दादा तुम्ही न बघता बरोबर ओळखलंसा. टोपलीची वरची कड जमिनीपासनं ८२ सेंटीमीटर असते, म्हणजे दोन फूट आठ इंच, थोडं इकडंतिकडं चालतं. टोपली आतनं सव्वादोन फुटांच्या आसपास, म्हणजे तुमची सायकलची रिम जवळपास बरोबर. साखळ्या दोन रांगांत पाहिजेत, बाहेरची एक आणि आतली एक, नुसती बाहेरची असली तर डिस्क दोन साखळ्यांच्या मधनं आरपार जाते आणि मग माणसं चिडतात. बाहेर बारा आणि आत सहा केल्या तर लय झालं.

साखळीचं काम डिस्क अडवायचं न्हाई, तिचा वेग खायचं आहे. म्हणून त्या ढिल्या लोंबत्या पाहिजेत, ताणून बांधू नका.

कायद्याचा_किडा

बिअरवर कुणी बोललंच न्हाई म्हणून मी बोलतो, कारण पाहुण्यांच्या भावाच्या डोक्यात ते असेल तर वेळीच निघालेलं बरं.

न्यूयॉर्कचा तो फार्म ब्रुअरीचा कायदा तिथला. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आधी मुंबई दारूबंदी कायदा म्हणायचे आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, आणि त्यात नावाप्रमाणंच मूळ धरून चाललंय बंदीचं, परवाना मिळाला तर सूट. रानातल्या शेडमध्ये बिअर करणं सोडाच, बाहेरनं क्रेट आणून गिऱ्हाइकाला विकणंसुद्धा परवान्याशिवाय गुन्हा. "विकत न्हाई, डिस्कच्या भाड्यात फ्री देतो" ही आयडिया करणारे पण बघितलेत, ती चालत न्हाई. बिअर प्यायचं वय २१, कडक दारूचं २५, आणि तुमचं निम्मं गिऱ्हाईक शाळकरी पोरांचं. खरंच करायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या ऑफिसला जाऊन रीतसर विचारा, पण माझं मत विचाराल तर गुऱ्हाळावर दारूची गरजच काय. ताजा उसाचा रस आहे, आलं-लिंबू मारून. तिकडच्या माणसाला जे बिअरसाठी रानात यावं लागतं ते तुमच्याकडं घाण्यातनंच गळतंय.

हां, एक काम मात्र करा. २०२० चं राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात पर्यटन संचालनालयाकडं केंद्राची नोंदणी होते. ती करून घ्या. उद्या कुणी विचारलं हे रानात काय चाललंय तर दाखवायला कागद असतोय. आणि येणाऱ्यांचा अपघात विमा काढता येतो का तेपण एजंटला विचारून ठेवा, डिस्क शेवटी २०० फूट उडणारी वस्तू आहे.

पेठेतला_पाहुणा

लय लय आभार सगळ्यांचे, खरंच एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काकवी ताई, भावाला फोन केला. माळ पडून नाहीच, तुम्ही म्हणालासा तसं शेडला लागून असलेल्या ३० गुंठ्यावर चिपाड असतंय, मी गेलो तेव्हा घाणा बंद होता म्हणून मोकळं दिसलं असणार. म्हणजे राहिलं ५० गुंठे. तीन बास्केट आणि सहा होलं करतोय. तासाच्या आत खेळ संपतोय आणि गुळव्याची हाळी ही आयडिया तर भावाला इतकी आवडली की तो म्हणतोय घंटाच बांधतो, जुनी बैलाची.

वकीलसाहेब, बिअर कॅन्सल. भाऊ जरा नाराज झाला पण वहिनी खूश आहेत.

डिस्क गडहिंग्लजकर दादा तुम्ही दिवाळीत येताना आणणार का? पटर २० आणि मिडरेंज १०. पैसे आधी पाठवतो. बॅगेत बसतील का, एकावर एक ठेवल्या तर वीतभर पण होत नसतील ना, पण वजन?

मिनेसोटातला_गडहिंग्लजकर

३० डिस्क म्हणजे पाच किलोच्या आसपास. आईसाठी नेतोय त्या बदामापेक्षा कमीच. उंची मात्र वीतभरपेक्षा जास्त हुईल, दोन-तीन थप्प्या करून कपड्यांच्या मधी घालतो. आणतो. रंग लाल, केशरी, गुलाबी घेतो, हिरव्या अजिबात नको आणि पिवळ्यापण नको, वाळल्या पाचटात दिसणार न्हाईत.

मला एक गोष्ट सांगा, कोण शिकवणार? पाटी कोण वाचत न्हाई. तिकडं ब्रुअरीत काउंटरवरचं पोरगं दोन मिनिटांत दाखवायचं तसं कोणतरी पाहिजे. बाकी काही नको, जवळनं टाकायची फेक दाखवा. पायात अंतर, वजन मागच्या पायावरनं पुढच्या पायावर, डिस्क पोटापाशी आणायची आणि साखळीच्या मधल्या पट्ट्यावर नजर ठेवून सरळ पुढं सोडायची, मनगट शेवटाला उघडायचं. लोक हात वर उचलून टाकतात, मग डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर होतंय आणि ती बास्केटच्या वरनं जाऊन मागं पन्नास फूट. नाक खाली, एवढं एकच सांगा.

काकवी_ताई

शिकवायला आमची धाकटी पाठवतो, कॉलेजला आहे, थ्रो-बॉलमध्ये जिल्ह्याला खेळलीया. पण तिला सीझनभर रविवारी ठेवणार असशीला तर हजेरी द्यावी लागंल, नुसता गूळ देऊन भागणार न्हाई.

तालमीतला

मी येतोय. वस्तादांना पण आणतो. पण आधी सांगतो ताटली बास्केटात न्हाई गेली तर मी टोपली उचलून ताटलीजवळ नेणार.

उद्यमनगर_वेल्डिंग

म्हणूनच बोल्ट मारतोय मी.

बरं पाहुणं, एक बास्केट नमुना म्हणून ह्या आठवड्यात करून ठेवतो, या बघायला. फक्त साखळी किती एमएमची घेऊ ते सांगा, माझ्याकडं ६ एमएमची पडून आहे, जनावरं बांधायची, मजबूत आहे.

मिनेसोटातला_गडहिंग्लजकर

६ नको दादा, जड पडंल. पटर हळू येतो, जड साखळी हलतच न्हाई आणि डिस्क आपटून बाहेर पडते. ३ किंवा ४ एमएम, गॅल्व्हनाइज केलेली. नमुन्याला एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला ४ लावून बघा, दहा-पंधरा फुटांवरनं स्टीलची ताटलीच टाकून बघा, कुठली धरते ते लगेच कळंल.

उद्यमनगर_वेल्डिंग

ठीक. ताटली घरातनं आणायला लागंल, बायकोला काय सांगू ते तेवढं कळवा.